रात्रीचं सीसीटीव्ही फुटेज: माणूस दिसतो, पण ओळखू का येत नाही?

सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या खोक्यावर 'नाइट व्हिजन ३० मीटर' असं ठळक छापलेलं असतं. बहुतेक जण त्याचा अर्थ असा घेतात की रात्री ३० मीटरवरचा माणूस ओळखू येईल. खरा अर्थ एवढाच, की कॅमेऱ्यातल्या एलईडीचा प्रकाश साधारण तिथपर्यंत पोचतो आणि तिथे काही हललं तर पडद्यावर हललेलं दिसतं. कुत्रं आहे की माणूस, हे कळेल. माणूस कोण, हे नाही.

हा फरक कळतो तो चोरी झाल्यावर. पुण्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून एका रात्री स्कूटर गेली. फुटेज होतं, गाडी ढकलत नेणारे दोघे होते, चेहऱ्यांच्या जागी मात्र दोन पांढरट डाग. मी व्हिडिओशी संबंधित सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे अशी क्लिप घेऊन कोणी ना कोणी येतंच: "जरा क्लिअर करून दे ना." ते होत नाही. जो तपशील कॅमेऱ्याने टिपलाच नाही, तो कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. आजकालची एआय अॅप्स त्या डागाच्या जागी छान, रेखीव चेहरा बनवून देतात, पण तो चेहरा त्यांनी अंदाजाने रंगवलेला असतो. असा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि तो योगायोगाने दूधवाल्या मुलासारखा दिसला, तर काय होईल याचा विचार करा. त्यामुळे जे करायचं ते कॅमेरा घेताना आणि बसवतानाच करायचं.

फोनला जमतं, मग याला का नाही?

"माझा फोन अंधारात इतका भारी फोटो काढतो, मग कॅमेऱ्याला काय झालं?" प्रश्न रास्त आहे. गूगलने २०१८ मध्ये पिक्सेल फोनमध्ये 'नाइट साइट' आणलं आणि आता बहुतेक फोनमध्ये नाइट मोड असतो. तो काय करतो? काही सेकंदांत बरेच फोटो काढतो, ते एकमेकांवर जुळवतो आणि त्यातून एक उजळ फोटो तयार करतो. म्हणूनच तो तुम्हाला "फोन स्थिर धरा" सांगतो. समोरचा माणूस चालत असेल तर तिथेही तो पुसट येतो.

सीसीटीव्हीला सेकंदाला १५ ते २५ चित्रं काढायची असतात आणि समोरचा चोर "स्थिर उभा राहतो हं" म्हणत नाही. सेकंदाला २५ चित्रं काढली तर एका चित्रासाठी जास्तीत जास्त १/२५ सेकंद मिळतो. सगळी अडचण या एका आकड्यात आहे, म्हणून जरा हिशोब करू. माणूस ताशी ५ किलोमीटर वेगाने चालतो, म्हणजे सेकंदाला साधारण १.४ मीटर. १/२५ सेकंदात तो साडेपाच सेंटिमीटर पुढे सरकतो. चेहऱ्याची रुंदी १५ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे एकाच चित्रात नाक, डोळे, गाल सगळं एकमेकांत मिसळतं. ताशी २० किलोमीटरने जाणारी बाइक तेवढ्याच वेळात २२ सेंटिमीटर जाते. नंबर प्लेटवर मग अक्षरं उरत नाहीत, पट्टे उरतात.

त्यात काही कॅमेरे अंधार पडला की आपोआप शटर आणखी संथ करतात, १/१२ किंवा त्याहूनही हळू. लाइव्ह चित्र एकदम उजळ दिसतं. बसवणारा दाखवतो, आपण खूश. रिकामं पार्किंग लख्ख दिसत असतं, कारण रिकामं पार्किंग हलत नाही.

शटर वेगवान केलं तर पुसटपणा जातो, पण चित्र काळवंडतं. ते भरून काढायला तीनच गोष्टी आहेत: मोठी लेन्स, मोठा सेन्सर आणि जास्त प्रकाश. चौथी 'गेन', म्हणजे आलेला सिग्नल इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वाढवणं. त्याने चित्राबरोबर दाणेही वाढतात.

स्पेसिफिकेशनमध्ये काय वाचायचं

सगळ्यात आधी लेन्सचा एफ नंबर. एफ/१.०, एफ/१.६, एफ/२.० असा लिहिलेला असतो. आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं. आणि इथे फरक वर्गाच्या पटीत पडतो, म्हणून एफ/१.० ची लेन्स एफ/२.० च्या चौपट प्रकाश आत घेते. चौपट प्रकाश म्हणजे तेवढ्याच उजेडात शटर १/२५ ऐवजी १/१०० ठेवता येतं. हा एक आकडा बाकी सगळ्या जाहिरातीपेक्षा मोलाचा आहे.

दुसरा सेन्सरचा आकार. १/२.८ इंच, १/१.८ इंच असा अपूर्णांकात असतो आणि खालचा आकडा लहान म्हणजे सेन्सर मोठा. १/१.८ इंचाचं क्षेत्रफळ १/२.८ इंचाच्या जवळपास दुप्पट भरतं. सेन्सर 'बॅक-इल्युमिनेटेड' असेल तर आणखी चांगलं. त्यात तारांचं जाळं पिक्सेलच्या मागे असतं, त्यामुळे येणारा प्रकाश अडत नाही. सोनीची स्टारविस मालिका याच प्रकारची.

मेगापिक्सेलच्या मागे लागू नका, निदान रात्रीसाठी तरी. एकाच आकाराच्या सेन्सरवर २ ऐवजी ८ मेगापिक्सेल बसवले की प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला चौथा हिस्सा प्रकाश येतो. ८ मेगापिक्सेल वाईट नसतो, पण त्याला मोठा सेन्सर हवा आणि तो स्वस्त मॉडेलमध्ये नसतो. साध्या बजेटमध्ये १/२.८ इंचावर २ किंवा फार तर ४ मेगापिक्सेल, हा माझा कौल.

आता 'मिनिमम इल्युमिनेशन ०.००५ लक्स' हा आकडा. लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या प्रकाशाचं माप. भर उन्हात तो एक लाखाच्या घरात असतो, स्वच्छ पौर्णिमेच्या रात्री पाव लक्सच्या आसपास. मग ०.००५ लक्स म्हणजे चांदण्याच्याही कितीतरी खाली. इतक्यात कॅमेऱ्याला काहीतरी दिसतं हे खरं, पण कुठलं शटर आणि किती गेन ठेवून मोजलं, हे खोक्यावर क्वचितच असतं. दोन कंपन्यांच्या लक्सची तुलना करून कॅमेरा निवडू नका.

रात्री रंग खोटे का दिसतात

साधा कॅमेरा अंधार पडला की टक् असा बारीक आवाज करतो आणि चित्र काळं-पांढरं होतं. दिवसा सेन्सरपुढे इन्फ्रारेड प्रकाश अडवणारा एक फिल्टर असतो, तो बाजूला सरकल्याचा हा आवाज. मग कॅमेऱ्याचे स्वतःचे इन्फ्रारेड एलईडी लागतात. बहुतेकांत ते ८५० नॅनोमीटरचे असतात. अंधारात त्यांचा मंद लाल ठिपका दिसतो. ९४० नॅनोमीटरचे डोळ्याला अजिबात दिसत नाहीत, पण त्या प्रकाशाला सेन्सर कमी संवेदनशील असतो, त्यामुळे पल्ला घटतो. घराबाहेर लाल ठिपका दिसला तर उलट बरंच. कॅमेरा आहे, हे कळलेलं चांगलं.

एलईडी चालू आहेत का, हे बघायला फोनचा पुढचा कॅमेरा उघडून त्याकडे धरा. बऱ्याच फोनमध्ये ते जांभळट-पांढरे चमकताना दिसतात. टीव्हीच्या रिमोटवर करून बघा, तीच गंमत.

इन्फ्रारेडमध्ये एक गोष्ट मात्र धोक्याची आहे. कपड्यांचे बरेच रंग हा प्रकाश शोषत नाहीत, परत फेकतात. काळा टी-शर्ट रात्रीच्या फुटेजमध्ये राखाडी किंवा चक्क पांढरा दिसू शकतो. झाडाची हिरवी पानं तर बर्फासारखी पांढरी दिसतात. म्हणून "पांढरा शर्ट घातलेला मुलगा होता" असं काळ्या-पांढऱ्या फुटेजवरून कोणालाही सांगू नका. पोलिसांना क्लिप देताना ती इन्फ्रारेडमधली आहे, कपड्यांच्या रंगावर जाऊ नका, हे आवर्जून बोला.

रंग हवा असेल तर 'फुल कलर' कॅमेरे मिळतात. हिकव्हिजनचं कलरव्ह्यू हे त्यातलं एक नाव, इतर कंपन्यांची आपापली नावं आहेत. यांत मोठी लेन्स आणि सोबत पांढरा एलईडी असतो. रंगीत चित्र मिळतं, पण ते त्या पांढऱ्या दिव्याच्या किंवा आसपासच्या उजेडाच्या जिवावर. आणि पांढऱ्या दिव्यावर किडे येतात, किड्यांमागे पाली. दर दहा मिनिटांनी मोबाइलवर 'मोशन डिटेक्टेड' वाजत राहतं. 'ड्युअल लाइट' प्रकारात नेहमी इन्फ्रारेड चालतं आणि माणूस दिसला की पांढरा दिवा लागतो. घराच्या दारासाठी मला हा प्रकार सगळ्यात पटतो. दिवा अचानक लागला की आलेला माणूस वर बघतो, आणि तेवढ्यात चेहरा मिळतो.

आणि एक साधा उपाय, जो दुकानदार सांगत नाही कारण त्यात त्याला काही सुटत नाही: बल्ब. ९ वॅटचा एलईडी बल्ब रोज १२ तास लावला तर वर्षाला साधारण ४० युनिट वीज लागते. तुमच्या बिलाच्या दराने गुणून बघा. जिन्यात, पार्किंगच्या तोंडाशी असे दोन बल्ब लावले तर मध्यम कॅमेरासुद्धा महागड्याला मागे टाकतो. बल्ब कॅमेऱ्याच्या मागे किंवा बाजूला हवा, समोर नको.

किती अंतरावर ओळख पटेल

यासाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६२६७६-४. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत हिशोब दर मीटरला किती पिक्सेल असा आहे. काहीतरी आहे एवढं कळायला मीटरमागे २५ पिक्सेल, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, अनोळखी माणसाची खात्रीने ओळख पटवायला २५०.

२ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. त्याला २५० ने भागलं की ७.७ मीटर. म्हणजे चित्रात मावणारी जागा पावणेआठ मीटरपेक्षा रुंद झाली की अनोळखी चेहरा हातचा गेला. सर्रास बसवल्या जाणाऱ्या २.८ एमएमच्या लेन्सला साधारण १०० अंश दिसतं, त्यामुळे ही मर्यादा जेमतेम तीन मीटरवर येते. हो, तीन! ६ एमएमच्या लेन्सला साधारण ५० अंश दिसतं, तिची मर्यादा आठ मीटरच्या आसपास जाते. आणि हा हिशोब चांगल्या उजेडाचा. रात्री दाणे आणि पुसटपणा आला की त्यातलाही बराच भाग वजा करा.

त्यामुळे एकाच कॅमेऱ्यात अख्खं आवार बसवायचा हट्ट सोडा. एक रुंद लेन्सचा सगळीकडे नजर टाकायला आणि दुसरा अरुंद लेन्सचा, जिथून प्रत्येकाला जावंच लागतं अशा जागेवर रोखलेला: फाटक, जिन्याची पहिली पायरी, लिफ्टचं दार. दुसऱ्या कॅमेऱ्याची उंची आठ-नऊ फुटांच्या वर नको. पंधरा फुटांवरून टोप्या आणि टक्कल दिसतं, चेहरा नाही. शेजाऱ्याची खिडकी चित्रात येत असेल तर 'प्रायव्हसी मास्क'ने तेवढा भाग झाकून टाका. भांडणं टळतात.

बसवताना होणारे घोळ

खोलीतला वायफाय कॅमेरा खिडकीच्या आतून बाहेर रोखून ठेवणारे खूप आहेत. दिवसा झकास चालतं. रात्री इन्फ्रारेडचा प्रकाश काचेवरून उलटा येतो आणि चित्र पांढरंफटक पडतं. अॅपमध्ये जाऊन इन्फ्रारेड बंद करा, लेन्स काचेला टेकवा आणि बाहेर एक दिवा लावा. दुसरा इलाज नाही.

हाच प्रकार बाहेरही होतो. कॅमेऱ्याच्या शेजारी पांढरी भिंत, छताची कड, पाइप किंवा झाडाची फांदी असेल तर सगळा प्रकाश त्यावर आपटून परत येतो. जवळची वस्तू लखलखीत दिसते म्हणून कॅमेरा एकूण चित्र मंद करतो आणि मागचं सगळं काळोखात जातं. कॅमेरा जरा पुढे आणा किंवा थोडा वळवा. माणूस अगदी जवळ आल्यावर चेहरा पांढरा पडत असेल तर 'स्मार्ट आयआर' चालू करा. त्याने एलईडीचा जोर आपोआप कमी होतो.

कॅमेरा दिवसा नीट चालतो आणि रात्री बंद-चालू होत राहतो, ही तक्रार तर फारच ऐकतो. दुकानदार कॅमेरा बदलून देतो, पुन्हा तेच. कारण बहुतेकदा वायरमध्ये असतं. १२ व्होल्टचा पुरवठा लांब, पातळ वायरमधून येताना वाटेत घसरतो. दिवसा तेवढ्यावर भागतं. रात्री एलईडी लागले की करंट वाढतो, व्होल्टेज आणखी पडतं आणि कॅमेरा रीस्टार्ट होतो. रीस्टार्ट झाला की क्षणभर एलईडी बंद, मग पुन्हा चालू, पुन्हा तेच. अडॅप्टर कॅमेऱ्याजवळ आणा किंवा जाड वायर टाका. आयपी कॅमेरा असेल तर पीओई वापरा, त्यात नेटवर्कच्याच केबलमधून जास्त व्होल्टेजने वीज येते, त्यामुळे घसरण फारशी जाणवत नाही.

आता सेटिंग

मोबाइल अॅपमध्ये अर्ध्या गोष्टी नसतात. लॅपटॉपवरून कॅमेऱ्याच्या किंवा रेकॉर्डरच्या पानावर लॉगिन करा, तिथे 'इमेज' किंवा 'एक्स्पोजर' असा विभाग असतो.

पहिल्यांदा फ्लिकरचं सेटिंग ५० हर्ट्झ करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. ६० वर राहिलं तर ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकत राहतात. मग शटर. ऑटो ठेवलं तर कॅमेरा सर्वात संथ शटर पकडतो. 'मॅन्युअल' किंवा कमाल मर्यादा देता येत असेल तर रात्रीसाठी १/५० पासून सुरू करा. चित्र सहन होण्याइतकं उजळ असेल तर १/१०० वर जा. 'स्लो शटर' किंवा 'सेन्स-अप' असं काही दिसलं तर बंद. चित्र आधीपेक्षा काळं दिसेल आणि घरचे म्हणतील, "बिघडवलंस." त्यांना दोन्ही सेटिंगवर चालत्या माणसाचं चित्र थांबवून दाखवा.

गेन पूर्ण १०० वर ठेवू नका, ६०-७० च्या आसपास थांबवा. दाणे घालवायला 'थ्रीडी डीएनआर' असतं. ते मागच्या-पुढच्या चित्रांची सरासरी काढतं. म्हणून फार वाढवलं की चालणाऱ्या माणसामागे भुताची सावली येते, कधी पायच गायब होतात. मधल्या पातळीवर ठेवा. 'डब्ल्यूडीआर' दिवसा दारातल्या उन्हासाठी उत्तम, रात्री मात्र त्याने दाणे वाढतात. कॅमेऱ्यात दिवस आणि रात्रीचं वेगळं प्रोफाइल ठेवता येत असेल तर रात्री ते बंद करा.

दाण्यांचा एक छुपा खर्च रेकॉर्डिंगमध्ये असतो. प्रत्येक दाणा म्हणजे कॉम्प्रेशनच्या दृष्टीने नवी माहिती. बिटरेट कमी बांधलेला असेल तर रात्री चित्राचे चौकोनी तुकडे पडतात, आणि चेहरा नेमका त्या चौकोनांत जातो. एच.२६५ वर २ मेगापिक्सेलसाठी मी निदान २ एमबीपीएस देतो. एका कॅमेऱ्याचे दिवसाला साधारण २१-२२ जीबी होतात. चार कॅमेरे आणि १ टीबीची हार्ड डिस्क असेल तर अकरा-बारा दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं. चोरी लक्षात यायला तेवढे दिवस पुरतात का, ते बघा.

नंबर प्लेटसाठी वेगळा कॅमेरा लागतो, हे आधीच मान्य करा. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीच्या झालेल्या एचएसआरपी प्लेट प्रकाश आला त्याच दिशेने परत फेकतात. इन्फ्रारेड पडला की प्लेट कोरा पांढरा चौकोन होते. या कॅमेऱ्याला १/२५० किंवा त्याहून वेगवान शटर, कमी गेन, अरुंद लेन्स आणि हेडलाइट दाबणारं 'एचएलसी' हे सेटिंग लागतं. त्यात प्लेट वाचता येते आणि बाकी सगळं काळं असतं. तसंच असायला हवं. फाटकावर स्पीडब्रेकर असेल तर कॅमेरा तिथेच रोखा, गाडी आपोआप हळू होते.

चाचणी कशी घ्यायची

बसवणारा संध्याकाळी पाचला काम संपवून पैसे मागेल. थोडे पैसे रात्रीपर्यंत राखून ठेवा. रात्री अकरानंतर आवारातले नेहमीचे दिवे असतील तसे ठेवून एका मित्राला फाटकापासून दारापर्यंत नेहमीच्या चालीने जायला सांगा. एकदा टोपी घालून, एकदा बाइकवरून. शक्यतो असा मित्र, ज्याला घरचे फारसे ओळखत नाहीत. मग लाइव्ह नाही, रेकॉर्डिंग उघडा. मोबाइल अॅप डेटा वाचवायला बहुतेकदा कमी दर्जाचा 'सबस्ट्रीम' दाखवतं, म्हणून मेनस्ट्रीम निवडा आणि व्हिडिओ थांबवा. चालू व्हिडिओत डोळा फसतो. थांबवलेल्या चित्रातला चेहरा मित्राच्या फोटोशेजारी धरून घरच्यांना विचारा, तोच आहे का. नक्की सांगता आलं नाही तर कॅमेरा खाली आणा, बल्ब वाढवा, शटर वेगवान करा, याच क्रमाने, आणि पुन्हा चालायला लावा. क्लिप डाउनलोड कशी करायची आणि रेकॉर्डरचं घड्याळ बरोबर आहे का, हेही त्याच रात्री बघून घ्या.

पावसाळ्यात थेंब, धुकट काच आणि कोळ्याची जाळी हे तीन शत्रू. लेन्ससमोरचा एक धागा इन्फ्रारेडमध्ये दोरखंडाएवढा दिसतो आणि वाऱ्याने हलला की रात्रभर अलर्ट येतात. महिन्यातून एकदा लांब दांड्याच्या झाडूने जाळी काढा आणि काच मऊ, कोरड्या फडक्याने पुसा. बोटांचे तेलकट ठसे राहिले तर रात्री तेच चमकतात.